समोरची गरम सीट

गिरजाबाईची कंबर शेकली जावी म्हणून घरच्या जुन्या मारुतीत गरम होणारी सीट बसवली, आणि त्या सीटवर सगळी थंडी बसले कोण, तर तिचे यजमान बापूराव. गोष्ट एवढीच आहे. पण ती किती गोडीगुलाबीने घडली, कोणी कोणाला एक वाकडा शब्द न बोलता घडली, हे ऐकलं की कोणाचंही डोकं फिरेल. गिरजाबाईचं फिरलं. जरा उशिरा फिरलं, पण फिरलं.

बापूरावांचं शेत वाशीमहून रिसोडकडे जाणाऱ्या रस्त्याला, फाट्यापासून थोडं आत. विहिरीला पाणी बरं, म्हणून या घराचा जीव सोयाबीनपेक्षा भाजीपाल्यावर. मेथी, पालक, फुलकोबी, वांगी आणि सांबार, म्हणजे बाकीचा मुलूख जिला कोथिंबीर म्हणतो ती. पालेभाजीची रीत अशी, की दिवस कलला की ती उपटायची, जुड्या बांधायच्या, हौदात बुचकळून माती काढायची आणि रात्रभर ओल्या बारदानाखाली ठेवायची. पहाटे गाडीत भरायची आणि उजाडायच्या आत वाशीमचा बाजार गाठायचा. बाजारात गिऱ्हाइकाला पानावर पाणी दिसलं पाहिजे. ते पाणी तिथवर कोणाच्या मांडीवर ठिबकत आलं, हे गिऱ्हाइकाने विचारायचं कारण नाही. घरच्यांनी विचारायला मात्र काही हरकत नव्हती.

गाडी भरायचं काम गिरजाबाईचं. "दिनेशच्या मायसारखी गाडी कोनाले भरता येत नाही," असं बापूराव चारचौघांत सांगत, आणि एकदा असं सांगून टाकलं की मग त्यांना स्वतःला हात लावायची गरज उरत नसे. वांग्यांचे कॅरेट टपावर, कोबी डिक्कीत, पालेभाजी मात्र आत, मागच्या सीटवर, कारण टपावरच्या वाऱ्याने ती माना टाकते. सगळं भरून झालं, फाटक लावून झालं, की उरलेल्या बोटभर जागेत गिरजाबाई शिरायची आणि सांबाराचा गठ्ठा मांडीवर घ्यायची. गाडी चालवायला मुलगा दिनेश. त्याच्या शेजारी बापूराव, मफलर गुंडाळून, हात काखेत घालून. समोरची सीट घरच्या कर्त्या माणसाची, हे कोणी बसून ठरवलं नव्हतं. गाडी दारात आली त्या दिवशी ते समोर बसले आणि तेव्हापासून तेच चालत आलं होतं.

मागच्या सीटचा फोम दिवाळीनंतर कधी वाळतच नसे. वर खताची रिकामी थैली अंथरली तरी पाणी कडेने आत जायचं. गाडी इतकी जुनी, की तिचा हीटरचा पंखा कधीचाच गेलेला आणि मागची एक काच पूर्ण वर चढत नसे. खालून ओल, बाजूने वारा आणि मांडीवर बर्फासारखा गठ्ठा, अशी गिरजाबाई रोज वाशीमला जायची. लोकांना वाटतं वऱ्हाडात थंडी ती काय. त्यांनी एकदा पौषातल्या पहाटे ओल्या मेथीला टेकून बसून दाखवावं.

यंदा कार्तिक सरता सरता तिची कंबर धरली. बाजारात पोचल्यावर गाडीतून उतरायचं म्हणजे आधी दार धरायचं, मग एक पाय, मग देवाचं नाव, मग दुसरा पाय. शेजारी लिंबं-मिरच्या घेऊन बसणारी ललिताबाई रोज उठून हात द्यायला लागली. शेवटी दिनेशने आईला वाशीमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी कंबरेचा फोटो काढला, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की कंबर ओली आणि गार राहता कामा नये, तिला ऊब पाहिजे. महिन्याने परत या. तोवर फरक पडला नाही तर हे पहाटेचं बाजाराला जाणं बंद करावं लागेल.

गोळ्यांचं गिरजाबाईला काही वाटलं नाही. शेवटच्या वाक्याने मात्र ती धास्तावली. बापूराव ठोक माल व्यापाऱ्याला देऊन चहाच्या टपरीवर बसत, पण उरलेली भाजी घेऊन दुपारपर्यंत विकत बसायची ती. ती जागा तिची होती. तिथे तिचं पोतं अंथरलेलं असे, तिथे कोर्टातल्या बाया, शाळेच्या मास्तरणी, स्टेशनाकडचे हॉटेलवाले तिला नावाने ओळखून येत. घरात ती दिनेशची माय होती, आठवड्यातल्या सातही दिवशी. गिरजाबाई ती फक्त त्या पोत्यावर होती. आणि बाजारात जागा धरून बसावी लागते. चार दिवस दिसलं नाही की पाचव्या दिवशी तिथे दुसऱ्याचं पोतं येतं, आणि मग भांडून उपयोग नसतो.

तोडगा काढला सुनेने. सुचिताला मोबाइलवर दिसलं, की मोठ्या गाड्यांत असतात तशा गरम होणाऱ्या सीट आता जुन्या गाडीतही करून मिळतात. कव्हर काढायचं, फोमवर पातळ चटई टाकायची, एक बुडाखाली आणि एक पाठीला, वरून कव्हर परत ओढायचं, आणि वायर नेऊन बॅटरीला जोडायची. एका चांगल्या कुकरच्या किमतीत काम.

"आत्याबाई, तुमी आता समोर बसत जा," सुचिता म्हणाली. "सीट गरम रायली तं घरापासून वाशीमपर्यंत कंबर शेकत जाईन तुमची."

"लाव मा," बापूराव लगेच म्हणाले. "तिच्या कंबरेपरीस पैसा मोठा हाय का?"

हे वाक्य ऐकून गिरजाबाईला खरंच भरून आलं होतं. पुढे ते आठवलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण त्या दिवशी भरून आलं होतं हे खरं.

सीट कव्हर शिवणारा हरीओम पुसद नाक्याकडे बसतो. त्याने एका दुपारात काम उरकलं. किटची वायर आखूड होती, मागच्या सीटपर्यंत पुरत नव्हती, म्हणून फक्त समोरच्या सीटला बसवलं. फ्यूज टाकला, गिअरच्या बाजूला बटण बसवलं. एकदा दाबलं की कमी, दोनदा दाबलं की जास्त. आणि बजावलं, की इंजिन चालू असल्याशिवाय लावू नका, बॅटरी जुनी आहे. गाडी घरी आली तेव्हा गल्लीतली चार माणसं सीटवर हात ठेवून पाहून गेली. सुचिताने सासूला बटण दाबायला शिकवलं. गिरजाबाईने ते दोनदा दाबून पाहिलं आणि तांबडा दिवा लागला तेव्हा लहान पोरीसारखी हसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दिनेशने इंजिन तापायला म्हणून गाडी चालू करून ठेवली आणि सीटचं बटणही दाबलं. गिरजाबाई नेहमीसारखी भरायला लागली. पालक, मेथी, वरून ओलं बारदान, मग सांबार. तेवढ्यात बापूराव आले, समोरचं दार उघडलं आणि बसले. यात वाईट हेतू कसलाच नव्हता. रोज उघडत ते दार, रोज बसत ती सीट. बसल्याबरोबर म्हणाले, "आरं वा. मस्त गरम हाय रे, दिनेश."

"हो ना," दिनेश म्हणाला.

गिरजाबाई फाटक लावून आली. तिने समोर पाहिलं. आणि तिचा स्वतःचा हात मागच्या दाराकडे गेला. कोणी नेला नाही, आपणहून गेला. तिला पुढे सगळ्यात जास्त राग या हाताचा आला. त्या घडीला तिने एवढाच विचार केला, की आता बसलेत, आजच्या दिवस बसू दे, उठा कसं म्हणायचं. आणि गठ्ठा मांडीवर घेतला.

दुपारी घरी आल्यावर सुचिताने विचारलं, "कसं वाटलं, आत्याबाई? गरम लागलं ना?"

सुनेसमोर नवऱ्याला कशाला उघडं पाडायचं, म्हणून गिरजाबाई म्हणाली, "हो माय, लागलं." झालं. सुचिता पहाटे पोरांपाशी घरी असायची, तिला वेगळं कळायला मार्ग नव्हता. तिने हौसेने माहेरी फोन करून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवसापासून बापूराव गाडीत बसायच्या आधी विचारायला लागले, "दिनेश, बटन दाबलं काय रे?" गाडीचे दिवे सीट लावली की जरा मंद व्हायचे, तेव्हा दिनेश म्हणे, बाबा, थोडं कमी करू का. बापूराव म्हणत, राहू दे, आताच तं लागून राह्यलं. आणि मागे, त्यांच्याच पाठीशी, एका हाताच्या अंतरावर, गिरजाबाईच्या साडीचा काष्टा ओला होत असे. समोरच्या सीटच्या फटीतून कधी कधी ऊब तिच्या गुडघ्याला लागायची. फक्त गुडघ्याला. गुडघा तिचा दुखत नव्हता.

याहून वाईट म्हणजे बाजारात तिचं कौतुक सुरू झालं. बापूरावांनी टपरीवर सांगितलं होतं, की पोराने मायसाठी गाडीत गरम सीट बसवली. बातमी ठोक व्यापाऱ्यांपासून मिरचीवाल्यांपर्यंत पोचली. जो येईल तो म्हणे, गिरजाबाई, नशीब काढलं. कोर्टातली एक बाई म्हणाली, आमच्या साहेबांच्या गाडीतही नाही हो असलं. गिरजाबाई जुड्या मांडत मान डोलवायची आणि आतल्या आत तिची लाही होत असे. दगडाने ठेच लागली तर माणूस दगडाला शिव्या तरी देतो. इथे ठेच लागत होती आणि लोक हार घालत होते.

ललिताबाईला एकटीला संशय आला. रोज हात देऊन उठवणारी तीच. ती एक दिवस हळूच म्हणाली, "गिरजाबाई, लुगडं मांगून ओलं काहून हाय तुमचं? समोर बसता न तुमी?"

गिरजाबाईने मेथीवर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "मेथी ओली असते, बाई."

मग एक दिवस असा आला. बापूराव मेडशीला साखरपुड्याला गेले होते, मुक्कामी. गिरजाबाईला आदल्या संध्याकाळपासूनच हलकं वाटत होतं. पहाटे तिने लगबगीने गाडी भरली, सांबाराचा गठ्ठा मागे पक्का दाबून ठेवला, आणि समोरचं दार उघडून बसली. दिनेश काही बोलला नाही. का बोलेल? जागा मोकळीच होती.

सीट तोवर गार होती, बटण दिनेश विसरला होता. तिने स्वतः दाबलं, दोनदा. गाडी निघाली. आधी काहीच कळलं नाही. मग बुडाखाली जरा, मग कंबरेच्या बरोबर खाली, जिथे महिनाभर कोणी सुरी धरून बसलं होतं तिथे, ऊब आली. आईने चुलीजवळ बसवून पाठीवरून हात फिरवावा तशी आली. गिरजाबाईने डोळे मिटले. तिच्या तोंडून नकळत "आई गं" निघालं, आणि ते दुखण्याचं नव्हतं.

फाट्यावर टॉर्च हलला. पुंजाजी उभे होते, बापूरावांच्या शेजारच्या शेताचे, डोक्याला टॉवेल बांधून. त्यांना वाशीमला दवाखान्यात कोणालातरी भेटायचं होतं. दिनेशने गाडी थांबवली, जरा घुटमळला, आणि म्हणाला, "माय, मांग होतं काय जरा? पुंजाजीकाका हायेत."

मोठा माणूस मागे भाजीत कसा बसेल? आणि गिरजाबाई लहान होती का? साठीला आली होती. पण ती उतरली. कंबरेला नुकती कुठे ऊब लागत होती, ती घेऊन ती थंडीत उतरली आणि मागे ओल्यात बसली, आणि मघाशी दाबून ठेवलेला गठ्ठा पुन्हा मांडीवर आला. पुंजाजी तिच्या तापवलेल्या सीटवर टेकले आणि वाशीमपर्यंत बोलत राहिले.

"वयनी, पोरगं लय गुनाचं निंगालं तुमचं. मायच्या कंबरेसाठी एवढं कोन करते आजकाल? आमचा हाय, बारा महिने पुण्यात, फोन बी करत नाही. तुमी लय नशीबवान."

"बसा आरामात, भाऊ," गिरजाबाई म्हणाली. याच्यापेक्षा जास्त बोलली असती तर ती रडली असती, आणि पुंजाजींच्या मागे बसून तिला रडायचं नव्हतं.

महिना झाला. कंबर आणखी बिघडली होती. होणारच. तरी घरात सगळ्यांनी आश्चर्य केलं. रात्री जेवताना बापूराव भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "एवढी गरम सीट लावली, तरी फरक नाही. म्हंजे आता वयाचंच हाय. उद्या डॉक्टरीनबाईले इचारू. मले वाटते, सोमवारपासून तू घरीच राय. उरली भाजी बी अडत्यालेच देऊन देत जाऊ."

"माय, आमी तं करून पाह्यलं न आमच्याकडून," दिनेश म्हणाला. त्याच्या बोलण्यात मायाच होती, आणि तीच जास्त झोंबत होती.

गिरजाबाईने त्याच्याकडे पाहिलं. गाडी कोण चालवत होतं? आरशात मागचं कोणाला दिसत होतं? बारदान, मेथी आणि आई, तिन्ही रोज दिसत होती. तरी याच्या मनात सीट लावली म्हणजे आईला ऊब मिळाली, हिशोब मिटला. देवळाला घंटा दिली, आता ती वाजो न वाजो. तिला खूप बोलायचं होतं. पण सुचिता पानात भाजी वाढत होती, नातवंडं बसली होती, आणि सुनेला तिने स्वतःच महिनाभर "हो माय, लागलं" म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजार उरकल्यावर तिघंही दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तिला वाकायला लावलं, पाय उचलायला लावला, आणि कपाळाला आठी घातली.

"ऊब दिली होती का कंबरेला? काय केलं महिनाभर?"

"हो, मॅडम," दिनेश म्हणाला. "गाडीत गरम सीट लावली, खास त्याच्यासाठी. महिना झाला."

"रोज जातो न आमी," बापूराव म्हणाले.

"मग रोज एवढा वेळ शेक मिळूनही फरक नाही? विचित्र आहे." बाईंनी पेन उचललं. "मग आता पहाटेचा प्रवास बंदच करावा लागेल."

ते पेन कागदाला टेकायच्या आत गिरजाबाई बोलली. आवाज चढवला नाही. पण बाहेर बाकावर बसलेल्यांनीही माना वळवल्या.

"मॅडम, मी त्या सीटवर घरापासून फाट्यापर्यंत बसली. एक डाव. मंग पुंजाजी आले."

"म्हणजे?"

"म्हंजे सीट माह्यासाठी लावली आन बसते हे. मी मांग बसतो, मेथीत. सारं अंग ओलं होते. येताजाता लोक मले म्हंतात, नशीबवान हाय. मी मान डोलावतो."

खोलीत पंखा बंद होता, तरी काहीतरी फिरत असल्यासारखं सगळे वर पाहायला लागले. बापूरावांनी मफलर सोडला, परत बांधला. मग ते म्हणाले, आणि ते जे म्हणाले ते म्हणायला नको होतं.

"तुले कोनं नाही म्हटलं होतं काय? सांगाचं न मंग. बस म्हटलं असतं."

गिरजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरंच कोणी नाही म्हटलं नव्हतं. उभ्या जन्मात तिला कोणी कशाला नाही म्हटलं नव्हतं. सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरेल ते खायला कोणी सांगितलं नव्हतं, सगळं भरून झाल्यावर उरेल तिथे बसायला कोणी सांगितलं नव्हतं. नाही म्हणायला सुद्धा माणसाला एकदा मागे वळून पाहावं लागतं. तेवढी तसदी कोणी घेतली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे इलाज झालाच नाही," त्या म्हणाल्या. "मी काही बंद करत नाही. आधी महिनाभर यांना त्या सीटवर बसवा. कोरडं बसवा. मग मला विचारा."

घरी परतताना बापूरावांनी समोरचं दार उघडून धरलं. "बस," ते म्हणाले. रिकाम्या गाडीत, भर उन्हात, अंगातून घाम निघत असताना. गिरजाबाईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मागे जाऊन बसली. उन्हातल्या मानाचं तिला काय करायचं होतं?

संध्याकाळी तिने मेथी उपटली, जुड्या बांधल्या, हौदात बुचकळल्या. सुचिता मदतीला आली. दवाखान्यातलं सगळं तिला दिनेशने सांगितलं होतं. जुडीची माती काढता काढता ती म्हणाली, "आत्याबाई, मले काहून खोटं सांगतलं?"

"चुकलं माय," गिरजाबाई म्हणाली. "मी त्याहीची इज्जत वाचवत होती. वाचली त्याहीची. कंबर माही गेली."

जाताना सुचिताने एक सुकी घोंगडी घडी करून ओसरीवर ठेवली.

पहाटे दिनेशने गाडी चालू केली आणि न विसरता बटण दाबलं. गिरजाबाई बाहेर आली, हातपाय धुतलेली, कोरडी साडी नेसलेली, घोंगडी पांघरलेली. हौदाकडे गेली नाही. बारदानाकडे गेली नाही. सरळ समोरचं दार उघडलं, बसली, दार ओढून घेतलं.

बापूराव टोपी घालत आले. गाडीत कोण आहे ते पाहिलं. मग हौदाशी पडलेले गठ्ठे पाहिले. बारदानाखालून पाणी अजून निथळत होतं.

"अवं, गाडी भराची हाय न?"

"हो," गिरजाबाई काच खाली करून म्हणाली. "भरा."

"माह्यानं नाही जमत थे. तुलेच येते."

"तुमाले कोनं नाही म्हटलं होतं शिकाले?"

दिनेश इंजिनाच्या आवाजाआड लपावं तसा स्टेअरिंगला चिकटून बसला होता. त्याच्याकडे आईने नुसती मान वळवली, आणि तो उतरला. मग बापाने आणि लेकाने मिळून गाडी भरली. पालक कोबीखाली गेला, तो काढला. कॅरेट उलटा लागला, तो फिरवला. बाही कोपरापर्यंत भिजली तेव्हा बापूरावांनी ती झटकली आणि काहीतरी पुटपुटले. गिरजाबाईला सगळं आरशात दिसत होतं. ती बसून राहिली, आणि बसून राहणं इतकं अवघड असतं हे तिला पहिल्यांदा कळलं. दोनदा तिचा हात दाराच्या कडीकडे गेला. दोनदा तिने तो मांडीवर परत आणला.

शेवटी उरल्या बोटभर जागेत बापूराव शिरले. सांबाराचा गठ्ठा कुठेच मावेना, तो मांडीवर आला. गाडी निघाली. गिरजाबाईच्या कंबरेला ऊब लागायला लागली होती, आणि आज ती काढून घ्यायला मध्ये कोणी उभं नव्हतं, असं तिला वाटतं न वाटतं तोच फाट्यावर टॉर्च हलला.

पुंजाजी होते. दिनेशचा पाय ब्रेकवर गेला आणि तसाच राहिला. त्याने आईकडे पाहिलं.

"थांबव न," गिरजाबाई म्हणाली. "मांग हाय जागा."

पुंजाजी समोरच्या दाराशी आले, आत गिरजाबाई दिसली, थोडे घोटाळले, आणि मागे गेले. बापूरावांना मेथीत आणखी आत सरकावं लागलं. दार दोनदा आपटल्यावर लागलं. त्या अर्ध्या काचेतून वारा आत येत होता.

"बापूभाऊ, हे तं ओलं हाय हो समदं," पुंजाजी म्हणाले.

गाडी एका खड्ड्यातून गेली आणि गठ्ठ्यातलं पाणी बापूरावांच्या पायजम्यावर सांडलं, तेव्हा त्यांनी श्वास आत ओढला, तो समोर ऐकू आला.

"दिनेश," ते मागून म्हणाले. "हे पानी रोज येते काय रे असं?"

"गाडी घेतली तवापासून येते, बाबा."

वाशीमचे दिवे दिसायला लागले. गिरजाबाईने पाठ सीटला पूर्ण टेकवली. आणि मागून बापूरावांचा आवाज आला, अगदी समजूतदार, एखादी मोठी सोय सुचलेल्या माणसाचा.

"दिनेश, थ्या हरीओमले इचारून पाय बरं. वायर लांब करून मांगच्या सीटले बी लावता येते काय म्हनावं थे गरम कराचं. थंडी लय लागते रे अथी."

गिरजाबाईने डोळे मिटले. एवढी थंडी ती तिथे बसली, कंबर मोडून घेतली, आणि हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. वायर आखूड म्हणून सगळे गप्प बसले. आज बापूराव एकदा बसले आणि वाशीम यायच्या आत वायर लांब व्हायला लागली. तिला राग आवरेना, आणि हसूही आवरेना, पण तिने दोन्ही आवरलं. बटण चाचपलं, जास्तवर आहे याची खात्री केली, आणि समोरच्या काचेकडे पाहत म्हणाली,

"आंधी महिनाभर बसून पाहा. फरक नाही पडला तं इचारू."